मुकी केलेली काळी गाडी

मी एक जुनी काळी मोटार आहे, मित्रांनो, आणि मी फार भित्री आहे. तुम्हाला हसू येईल. माझं इंजिन सुरू झालं की गल्लीतली मांजरं पळत सुटतात, शेजारच्या स्कूटरींचे अलार्म वाजायला लागतात. पाय जरा जोरात पडला तर आत बसलेला माणूस सीटला चिकटतो, इतकी माझ्या अंगात ताकद आहे. मग अशा गाडीनं घाबरायचं कशाला? सांगते. स्कूटरला वेळेवर थांबता आलं नाही तर गुडघे फुटतात. मला थांबता आलं नाही तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून कधीच जात नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एका माणसानं मला मोकळ्या रस्त्यावर सुसाट पळवलं आणि मध्येच कचकन ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. त्यानं समाधानानं मान हलवली आणि माझ्या टपावर थाप मारली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी, आणि ती थांबल्याबद्दल होती. मी ती अजून जपून ठेवली आहे.

माझे पहिले मालक त्र्यंबकराव. घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत ते आणि प्रमोदिनीबाई राहायचे. माझ्या काट्यावर तीनशेपर्यंत आकडे होते, पण माजिवड्यापासून घरापर्यंत मी रोज रांगतच जायचे. तरी माझं कौतुक खूप होतं. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघायची. तेल बदलणं, तपासणी, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. "हिचं पथ्यपाणी आपल्यापेक्षा चांगलं आहे हो," असं प्रमोदिनीबाई हसत म्हणायच्या. मी मनातल्या मनात लाजायचे.

मग त्र्यंबकरावांनी विजेवर चालणारी, बिनआवाजाची नवी गाडी घेतली आणि माझी रवानगी तळघरातल्या पार्किंगमध्ये झाली. अंगावर कव्हर, कव्हरवर धूळ. एका उंदरानं माझ्या पोटात संसार मांडला, त्याचीही मला भीती वाटायची. पण खरी भीती वेगळीच होती. मित्रांनो, गाडीच्या ब्रेकमध्ये एक तेल असतं. ते वेळेवर बदललं नाही तर त्यात ओल धरते. ब्रेक फार तापले की असलं ओलसर तेल उकळतं, आणि मग पेडल दाबलं तरी ते पायाखाली पोकळ होऊन जातं. माझं तेल तिथे उभ्या उभ्या नासत होतं आणि मला ते कळत होतं.

शेवटी हायवेलगतच्या एका जुन्या गाड्यांच्या शेठनं मला उचललं. त्यानं मला घासूनपुसून आरशासारखं केलं. ब्रेकचा पिवळा दिवा लागत होता. शेठच्या माणसानं कुठलंसं यंत्र जोडून तो विझवला. दिवा विझला, दुखणं आत तसंच राहिलं. गिऱ्हाइकं यायची, आत बसायची, सीटवरून हात फिरवायची आणि "मेन्टेनन्स किती?" असं विचारून निघून जायची. एकदा शेठ फोनवर बोलला, "गणपतीपर्यंत बघतो. नाही गेली तर खोलून पार्ट विकतो." त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी आशेनं बघायला लागले.

असाच एका रविवारी सूरज आला. डोंबिवलीत मानपाड्याला राहणारा, घोडबंदरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करणारा तरुण. सोबत बायको विनिता, आणि मित्र रत्नदीप. या रत्नदीपचं गाड्यांचं सामान विकायचं छोटं दुकान होतं, आणि मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की खात्री होती.

"एवढ्यात नवी छोटी गाडी येईल की हो," विनिता म्हणाली. "वॉरंटीसकट."

"नवी छोटी सगळेच घेतात गं." सूरजची नजर माझ्यावरून हलत नव्हती. "अण्णांनी आख्खी जिंदगी कंपनीच्या गेटवर असल्या गाड्यांना सलाम मारला. मला त्यांना मागच्या सीटवर बसवायचंय. बस."

"भावा, इंजिन एकदम मक्खन आहे," रत्नदीपनं निकाल दिला. त्यानं माझं बॉनेट उघडलं होतं खरं, पण ब्रेकच्या तेलाच्या डबीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की नको, कळलं तर हा मला सोडून जाईल. विनितानं एकदा माझ्या चाकांकडे आणि एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मानपाड्याच्या गल्लीत मी शिरले तेव्हा सूरजचे वडील विठ्ठलराव बिल्डिंगच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. काळी लांब गाडी दिसताच ते ताडकन उठले. हात कपाळापर्यंत गेलासुद्धा. मग काचेतून आपलाच मुलगा दिसला आणि हात तिथेच लटकला. सूरज उतरून म्हणाला, "अण्णा, बसा ना मागे. एक राउंड मारू." विठ्ठलरावांनी माझ्याभोवती लांबूनच एक फेरी मारली. "नको. मी हितंच बरा हाय," म्हणाले आणि वर निघून गेले. सूरजचं तोंड एवढंसं झालं.

सूरजच्या आईनं, हौसाबाईंनी मात्र माझं स्वागत थाटात केलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग पुढच्या बंपरला काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची आणि बिब्बा टांगला. दर शनिवारी तो बदलायचा असा त्यांचा नेम. त्यांचा हात इतका मायेचा होता की मला भरून आलं.

पण मित्रांनो, माझ्या बंपरमध्ये छोटे छोटे डोळे आहेत. पुढे कुणी फार जवळ आलं की ते बघतात आणि मी 'टीं टीं' करून सांगते. ते लिंबू नेमकं एका डोळ्यासमोर लोंबायला लागलं. गाडी हळू झाली की मला वाटायचं, कुणीतरी समोर आलं! मी जीव तोडून ओरडायचे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत तर माझं ओरडणं थांबायचंच नाही. सूरज दचकायचा, विनिता कान झाकायची, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

"आईंना सांगून ते मागे बांधूया का?" विनितानं विचारलं.

"आईला? वेडी आहेस का? तिला किती वाईट वाटेल."

सांगायची हिंमत नव्हती म्हणून त्यानं दुसरी वाट शोधली. रत्नदीपकडे गेला. रत्नदीपनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, एक वायर ओढली, चिमट्यानं तोडली. "झालं भावा. आता हू की चू करणार नाही."

मी खरंच हू की चू केलं नाही. करताच येईना. दार उघडं राहिलं, पट्टा लावला नाही, तेल कमी झालं, काही झालं तरी मी ज्या आवाजानं सांगायचे तो आवाज एकच होता. लिंबासाठी त्यांनी माझी वाचाच तोडली होती. आता माझ्याकडे फक्त दिवे राहिले.

काही दिवसांतच ब्रेकचा पिवळा दिवा पुन्हा लागला. सूरजनं तो पाहिला. मी त्याचा चेहरा अगदी जवळून बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला. शोरूममध्ये गेलो तर काय आकडा सांगतील, ही त्याला भीती होती. घर, हप्ते आणि विनिताचं शिक्षण, सगळं ओढूनताणून चाललेलं. त्यानं रत्नदीपला फोन लावला. "अरे, जुन्या गाडीत दिवे लागतातच रे. सेन्सरची नाटकं असतात. टेन्शन नको घेऊस." सूरजला नेमकं हेच ऐकायचं होतं. त्या दिवसापासून तो काट्यांकडे बघायचाच बंद झाला. रविवारी पिवळ्या फडक्यानं मला तासन् तास पुसायचा, माझ्यावर पाण्याचा एक थेंब वाळू द्यायचा नाही. एवढं प्रेम करणारा माणूस एका दिव्याकडे बघत नव्हता, कारण त्याला भीती वाटत होती. आणि मी रोज सकाळी निघताना मनात म्हणायचे, आज नको, आज काही होऊ देऊ नको.

मग काशिमिऱ्याला हौसाबाईंच्या भाचीचा साखरपुडा ठरला. त्या दिवशी पहिल्यांदा विठ्ठलराव माझ्यात बसायला कबूल झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चपला बाहेर झटकून ते मागच्या सीटच्या अगदी कडेला टेकले. सूरज आरशातून त्यांच्याकडे बघत होता आणि त्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मी मात्र भीतीनं गारठले होते. चौघांचा जीव माझ्या पोटात आणि तेल नासलेलं. जाताना काही झालं नाही.

परतताना दुपार झाली होती. ऊन रणरणत होतं, आणि गायमुखच्या घाटात ट्रक आणि कंटेनरची रांग. सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. ब्रेक दाबून दाबून माझी चाकं तापली. पिवळ्या दिव्याच्या शेजारी लाल दिवा लागला. मी तो जमेल तितका लखलखीत ठेवला. सूरज, बघ! अरे, एकदा खाली बघ! सूरज मागे वळून विचारत होता, "अण्णा, एसी वाढवू का?"

उतार लागला आणि पुढची रांग जरा मोकळी झाली. मी वेग घेतला. वळणापलीकडे रांग पुन्हा थबकली होती. तिच्या शेवटी एक स्कूटर. चालवणाऱ्या बाईच्या मागे शाळेचं दप्तर पाठीला लावलेली छोटी मुलगी बसली होती. सूरजनं ब्रेक दाबला.

पेडल खाली गेलं. काहीच झालं नाही.

त्यानं पुन्हा दाबला. माझ्या नळ्यांत तेल उकळत होतं, दाब चाकांपर्यंत पोचतच नव्हता. मित्रांनो, मी तुम्हाला कसं सांगू! मला थांबायचं होतं. माझा प्रत्येक नटबोल्ट थांबायचं म्हणत होता आणि माझं दोन टनांचं धूड त्या मुलीच्या दप्तराकडे घसरत निघालं होतं. सूरजनं गिअर खाली ओढले. इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला, पण उतार मला ढकलतच होता. "ब्रेक लागत नाहीये," तो म्हणाला. आवाज त्याचा राहिलाच नव्हता. हौसाबाईंनी डोळे मिटून घेतले.

डाव्या हाताला खाडीच्या बाजूचा काँक्रीटचा कठडा होता. सूरजनं एकदा विनिताकडे पाहिलं, कारण ती त्याच बाजूला बसली होती. "इकडे सरक," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं मला कठड्याला भिडवलं.

ज्या अंगावर तो पाण्याचा थेंब वाळू देत नव्हता, ते अंग त्यानं दगडावर घासलं. आरसा उडाला. दोन्ही दारं चिरत गेली. ठिणग्या उडाल्या. मला अतोनात दुखत होतं आणि मी म्हणत होते, अजून घास, अजून जोरात घास! मी थांबले तेव्हा स्कूटर माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती छोटी मुलगी आवाजानं मागे वळली, माझ्या फुटलेल्या दिव्याकडे बघून तिला गंमत वाटली, आणि रांग हलली तशी ती निघून गेली. तिला काहीच कळलं नाही.

कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. सगळे उजवीकडून उतरून कठड्याशी उभे राहिले. सूरज तर रस्त्याच्या कडेला मांडी घालूनच बसला.

"तो लाल दिवा..." विनिता माझ्या आत वाकून बघत होती. "आणि हा पिवळा. कधीपासून लागतोय हा?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मग दाखवली का नाहीत गाडी?"

"भीती वाटत होती गं. काय निघेल म्हणून." तो लहान मुलासारखा रडायला लागला.

विठ्ठलरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला बी भ्याच वाटायचं तुझ्या गाडीचं. म्हणून बसत नव्हतो. पर तुझी हौस मोडायला नको, म्हणून बोललो न्हाय."

तेवढ्यात हौसाबाई माझ्या पुढे गेल्या. सगळा बंपर खरवडला होता, पण लिंबू-मिरची जशीच्या तशी लोंबत होती. त्यांनी तिला हात जोडले. "बघितलंस का रे? हिनंच वाचवलं आपल्याला." सूरजनं विनिताकडे पाहिलं. विनितानं खाडीकडे पाहिलं.

मला टोचन लावून मानपाड्याला आणलं. दुरुस्तीचा अंदाज ऐकून सूरजनं मला हातसुद्धा लावला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. मग एक दिवस रत्नदीप म्हणाला, "साइड पेंट करून घे. दिवे बंद करून देतो. दोन दिवसांत गिऱ्हाईक आणतो. कुणाला कळतंय?" सूरज हो म्हणाला. मला रंग लागला. दिवे विझले. आणि मित्रांनो, मला ती जुनी आशा पुन्हा वाटायला लागली, कारण खोलून टाकल्या जाण्याची भीती काही सुटली नव्हती.

गिऱ्हाईक आलं. केदार आणि अंतरा, कल्याणचं तरुण जोडपं. केदारची नजर माझ्यावरून हलत नव्हती. ती नजर मी आधी पाहिली होती. त्यानं आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवला आणि सहज विचारलं, "ब्रेक वगैरे ओके ना, दादा?"

रत्नदीप तोंड उघडणार, तोच सूरज म्हणाला, "नाही."

आणि मग तो सांगतच सुटला. मेकॅनिकनं काढून दाखवलेलं नासलेलं तेल, गायमुखचा उतार, ती स्कूटर, हा नवा रंग कशावर चढवलाय ते. लिंबाचंही सांगितलं. आवाज कसा तोडला, आणि आईला वाईट वाटेल म्हणून तो कसा तोडावा लागला, तेही. रत्नदीप डोळ्यांनी खुणा करून दमला. केदार हळूच खाली उतरला. अंतरा म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि दोघं आपल्या स्कूटरवर बसून गेली.

सूरज मागे वळला तर दारात हौसाबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"एवढंच होतं, तर मला सांगायचं नाही का रे?" त्या म्हणाल्या. "एका लिंबाचं काय ते. मी दाराला बांधलं असतं."

हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं कठड्यावर घासतानाही वाटलं नव्हतं. घरातली सगळी चांगली माणसं, एकमेकांना दुखवायला नको म्हणून गप्प बसलेली, आणि त्या गप्प बसण्यात ती स्कूटरवरची मुलगी मरता मरता वाचली.

त्यानंतर मला बघायला कुणी आलं नाही. जो आला त्याला सूरजनं खरं सांगितलं आणि तो परत गेला. शेवटी सूरजनं मला जुन्या गाड्या खोलून भाग विकणाऱ्याला दिलं. गल्लीच्या तोंडाशी त्याचा टेम्पो आता उभा आहे, आणि दोन माणसं माझ्या पुढच्या चाकांना साखळी बांधत आहेत. मी थरथरते आहे, मित्रांनो. मला फार भीती वाटते.

गाडी असो की माणूस, कुणी ओरडत असेल तर त्याचा आवाज बंद करण्याआधी काय होतंय ते विचारा. एवढं कराल ना? आणि आणखी एक. उद्यापासून माझे भाग सुटे होऊन दुकानांत टांगले जातील. कमी पैशांत जुनी गाडी चालवणारी खूप माणसं आहेत, ती तिथे येतील. माझं इंजिन घ्या, ते खरंच चांगलं आहे. सीटा घ्या, दारं घ्या, काचा घ्या. पण स्वस्तात मिळतात म्हणून माझे ब्रेक मात्र कुणी नेऊ नका.